कार्बनच्या कणांवर बसलेले कॅन्सरचे औषध : प्रयोगशाळेत काय आहे आणि बाटलीत काय नाही



रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर एक ताई थांबून राहिल्या होत्या. नंदुरबार शहरालगतच्या वस्तीतल्या. त्यांचे पती मिरचीच्या पथारीवर हमाली करायचे. तंबाखूची सवय जुनी. गालाच्या आत गाठ झाली, ऑपरेशन झाले आणि आता जिल्ह्याबाहेरच्या दवाखान्यात 'लाइट' म्हणजे किरणोपचार आणि सोबत सलाइनमधून केमो चालू होता. पहिल्या केमोनंतर तीन दिवस उलट्या. चौथ्या दिवशी एका नातेवाइकाने फोनवर व्हिडिओ दाखवला : कार्बनचे बारीक कण कॅन्सरच्या पेशीत शिरतात, आतून पेशी फोडतात, केस जात नाहीत, उलटी होत नाही. पाठोपाठ बाटल्याही आल्या. 'नॅनो कार्बन' नावाचे थेंब, दोन बाटल्यांचे साडेसहा हजार. शेळी विकून घेतल्या. लाइटला जाणे थांबले, त्याला आठवडा झाला होता.

ताईंनी पिशवीतून बाटली काढून विचारले, "भाऊ, हे खरं असेल तर दवाखाना बंद करते. खोटं असेल तर आत्ताच सांगा."

व्हिडिओत सांगितलेले अर्धे खरे आहे आणि बाटली पूर्ण खोटी आहे, हे आम्ही त्यांना लगेच सांगितले. अर्धे खरे कोणते, हे समजावायला मात्र बराच वेळ लागला. असल्या बाटल्या आणखी घरांपर्यंत पोहोचल्या असणार, म्हणून यावेळचे आरोग्याचे पान त्यासाठीच दिले आहे.

आधी केमोने उलटी का होते ते पाहू. कॅन्सरची पेशी फार भराभर वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. केमोची बहुतेक औषधे अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच मारतात. पण औषध शिरेतून रक्तात जाते आणि रक्त सगळ्या अंगात फिरते. केसांची मुळे, तोंडाच्या आतले मऊ अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज, इथल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. उलटीचे कारण थोडे वेगळे आहे : औषधामुळे आतड्यातून आणि रक्तातून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला इशारा जातो. ताईंच्या पतींना मिळत होते ते सिस्प्लाटिन नावाचे औषध उलटीसाठी बदनामच आहे, शिवाय मूत्रपिंडालाही त्रास देते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात त्या लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिनचा धोका हृदयाला असतो. त्यामुळे ते माणसाला आयुष्यात एका मर्यादेपलीकडे देताच येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला की औषध मोकळे सोडण्याऐवजी कशावर तरी बसवून थेट गाठीपर्यंत न्यावे. वाटेत ते कुठे उतरू नये, गाठीत पोहोचल्यावरच उतरावे. या वाहनासाठी चरबीचे फुगे, प्रथिनांचे गोळे, सोन्याचे कण असे खूप प्रकार तपासले गेले. कार्बन हा त्यांपैकी एक.

कार्बन आपल्या ओळखीचाच आहे. चुलीतला कोळसा कार्बन, पेन्सिलचे शिसे कार्बन, हिराही कार्बन. विहारात बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लावतो, तिथे मागच्या भिंतीवर जी काळी काजळी धरते, तीही बहुतेक कार्बनच. ही काजळी शास्त्रात खरोखर कामाला आली आहे. 2004 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काजळीतून कार्बनच्या नळ्या साफ करत असताना प्रकाशात चमकणारे अतिसूक्ष्म कण हाती लागले. शोधायला गेले एक आणि सापडले दुसरे. त्यांना आता कार्बन डॉट म्हणतात. 2007 मध्ये दुसऱ्या एका गटाने साध्या मेणबत्तीच्या काजळीपासून असे कण वेगळे करून दाखवले. (हे वाचून कोणी भिंतीवरची काजळी खरवडून पाण्यात घेऊ नका. काजळीत इतरही घातक रसायने असतात, आणि प्रयोगशाळेत आम्लात उकळून, गाळून, वेगळे करून जे मिळते ते निराळेच असते.)

हे कण किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. कार्बन डॉट दहा नॅनोमीटरहूनही लहान, म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीत सातशेहून जास्त कण एका रांगेत बसतील. कार्बनचे दुसरे रूप म्हणजे नळी, कोंबडीच्या जाळीची गुंडाळी करावी तशी, पण तितकीच सूक्ष्म. तिसरे रूप ग्राफीन, म्हणजे तीच जाळी सपाट पसरलेली.

आता औषध त्यावर बसते कसे? डॉक्सोरुबिसिनच्या रेणूत सपाट कड्या असतात. कार्बनची जाळीही सपाट कड्यांचीच. काचेच्या दोन ओल्या तुकड्यांना एकमेकांवर ठेवले की ते जसे चिकटतात, तसे हे दोन्ही एकमेकांना धरून राहतात. आणि ही पकड आंबटपणात सैल होते. आपले रक्त किंचित अल्कधर्मी असते, पण गाठीच्या आसपासचा भाग थोडा आंबट असतो, कारण कॅन्सरची पेशी साखर घाईघाईने जाळते आणि आम्ल बाहेर टाकते. पेशीने कण गिळला की ज्या पिशवीत तो जातो ती तर आणखी आंबट. म्हणजे रक्तात औषध चिकटून राहावे आणि पेशीच्या पोटात गेल्यावर सुटावे, अशी ही योजना. आम्हाला तरी ही कल्पना फार सुंदर वाटते, कारण कुलूप आणि किल्ली दोन्ही शरीरातच आहेत.

पत्ता सांगण्यासाठी कणावर आणखी एक गोष्ट जोडतात. कॅन्सरच्या काही पेशी आपल्या अंगावर विशिष्ट दारे जास्त संख्येने उघडून बसतात. त्या दारात बसणारा तुकडा कणावर लावला की कण तिथे अडकतो. ताईंच्या घरच्या आजाराशी जुळणारा एक प्रयोग आम्हाला इथे सांगावासा वाटतो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या नळीवर हेच सिस्प्लाटिन बसवले, सोबत अशा दारात बसणारे एक प्रथिन लावले आणि डोके-मान भागातल्या, म्हणजे तोंडा-घशाच्या जातीच्या कॅन्सरच्या गाठी असलेल्या उंदरांना ते दिले. पत्ता लावलेल्या नळ्यांनी गाठी बिनपत्त्याच्या नळ्यांपेक्षा लवकर आक्रसल्या. त्याआधी 2008 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅक्लिटॅक्सेल हे दुसरे औषध नळ्यांवर बसवून स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांवर तपासले होते. तिथेही नेहमीच्या औषधापेक्षा गाठ जास्त आटोक्यात आली.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालते. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी चक्क गाईच्या दुधापासून कार्बनचे चमकणारे कण तयार केले आणि त्यावर बर्बेरिन बसवले. बर्बेरिन म्हणजे दारुहळदीत सापडणारे पिवळे द्रव्य. पुढच्या वर्षी पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने आंब्याच्या पानांपासून असे कण बनवून पेशींच्या आतले चित्र घेता येते का ते पाहिले. महागडे रसायन न वापरता पानापाल्यापासून कण बनवायचे, म्हणजे उद्या औषध झालेच तर स्वस्त पडेल, हा त्यातला विचार आपल्यासारख्यांच्या कामाचा आहे. पण दुधाच्या कणांवरचे बर्बेरिन तपासले ते प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर, रुग्णावर नाही. दूध प्यायल्याने किंवा आंब्याची पाने उकळून घेतल्याने यातले काहीही होत नाही.

इथे ताईंनी आम्हाला मधेच थांबवून जो प्रश्न विचारला, तो खरा प्रश्न होता. उंदरात 2009 सालीच जमले, मग इतकी वर्षे झाली तरी दवाखान्यात का नाही?

पहिले कारण असे की पत्ता लावला तरी बहुतेक कण पोहोचत नाहीत. रक्तात परकी वस्तू आली की यकृत आणि प्लीहा तिला पकडतात, ते त्यांचे कामच आहे. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याआधीच्या दहा वर्षांतले, सर्व प्रकारच्या नॅनो कणांचे, प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मधले प्रमाण निघाले 0.7 टक्के. हजार पाठवले, सात पोहोचले. वर्षानुवर्षे 'थेट गाठीवर' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विद्येचा हा हिशेब शास्त्रज्ञांनी स्वतःच, स्वतःच्या विरोधात जाऊन मांडला, हे विसरू नये. बाटली विकणारा असा हिशेब कधी देणार नाही.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. कार्बन सहजासहजी विरघळत नाही. सहा नॅनोमीटरच्या आतले कण लघवीवाटे निघून जाऊ शकतात, पण नळ्या लांब असतात. 2008 साली एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी लांब नळ्या उंदरांच्या पोटात सोडून पाहिल्या, तेव्हा आतल्या अस्तराला जी सूज आणि इजा झाली ती ॲस्बेस्टॉसने होते तशीच होती. ॲस्बेस्टॉस म्हणजे जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत असायचा तो तंतू, ज्याने कॅन्सर होतो. आपल्या कित्येक वस्त्यांची छपरे त्याच पत्र्यांची आहेत. पुढे 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा एका जातीच्या नळीला 'माणसात कॅन्सर करण्याची शक्यता असलेली' या यादीत घातले. सगळे कार्बन कण असे नाहीत. आखूड, नीट आवरण चढवलेले, गोल कण वेगळे वागतात. पण कॅन्सर बरा करायला निघालेली वस्तू स्वतःच कॅन्सर करणार नाही ना, हे वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय माणसाला कोण देईल?

तिसरे कारण अगदी साधे. दर खेपेला तंतोतंत एकसारखे कण बनवणे अवघड आहे, आणि दर गोळी सारखी नसेल तर ते औषध म्हणता येत नाही.

म्हणून आजची स्थिती अशी : कार्बनच्या कणांवर बसवलेले कॅन्सरचे एकही औषध भारतात विक्रीसाठी मान्य झालेले नाही. चीनमध्ये कार्बनचे कण रुग्णांना टोचतात हे खरे, पण ते शाईसारखे. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये लसिकेच्या गाठी काळ्या दिसाव्यात आणि सर्जनला ओळखता याव्यात म्हणून. औषध वाहून न्यायला नाही. नॅनो वाहनावरची जी औषधे खरोखर वापरात आहेत ती दुसरी : चरबीच्या फुग्यातले डॉक्सोरुबिसिन, अमेरिकेत 1995 पासून, आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर बसवलेले पॅक्लिटॅक्सेल, 2005 पासून. दोन्ही भारतातल्या दवाखान्यांतही मिळतात. पहिल्याने हृदयाला होणारी इजा कमी झाली, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलण्याचा नवा त्रास आला. दोन्ही शिरेतून, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. जिभेवर टाकायचे थेंब यात कुठेच नाहीत.

कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा वाटतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखा. आपण हे विहारात वाचतो आणि घरी व्हिडिओ पाहताना विसरतो. पारखण्याची साधने कायद्यानेही आपल्या हातात दिली आहेत. औषधी आणि चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. ज्या आजारांवर 'हमखास बरा करतो' अशी जाहिरात करणे गुन्हा आहे, त्यांच्या यादीत कॅन्सर आहे. बाटली, तिचे वेष्टन, पैसे पाठवल्याचा फोनवरचा पुरावा आणि तो व्हिडिओ जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. विकणारा आपल्यातलाच, नात्यातला असेल तर तोंड उघडणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तरी द्या, कारण पुढची बाटली शेजारच्या दारात जाणार आहे.

"प्रयोग चालू आहे, तुम्हाला त्यात घेतो" असे कोणी म्हणाले तर? खरा प्रयोग वाईट नसतो. नवीन औषधे प्रयोगातूनच येतात आणि आपल्या माणसांनाही त्यात सामील होण्याचा हक्क आहे. पण खऱ्या प्रयोगात तपासायच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. 15 जून 2009 पासून प्रत्येक औषधी प्रयोगाची भारताच्या नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, तिचा क्रमांक मागा. माहितीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवला पाहिजे. सही न करता निघून जाण्याचा आणि मधेच सोडण्याचा अधिकार आहे, आणि इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार उपचार आणि भरपाई आहे. हे सगळे आपोआप मिळालेले नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि शेजारच्या गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या मुलींत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीवर सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, ती जगभर दिली जाते आणि उपयोगी आहे. चुकले ते विचारणे. गरिबाच्या मुलीला विचारायचे कशाला, ही वृत्ती चुकली.

आता ताईंच्या घरचे. किरणोपचार मधे थांबवले तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या दिवसांत पुन्हा वाढतात, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर खंड पडणे विशेष वाईट. म्हणून थांबलेला प्रत्येक दिवस मोजायचा, "झालेच आहे तर महिना जाऊ दे" असे करायचे नाही. उलटीसाठी केमोच्या आधी आणि नंतर द्यायची चांगली औषधे आहेत, ती एकाला पुरली नाहीत तर बदलून देता येतात, पण रुग्णाने सांगितले तरच डॉक्टरांना कळते. आपली माणसे डॉक्टरांपुढे "बरं आहे" म्हणतात आणि घरी येऊन रडतात. वहीत लिहून न्या : किती वेळा उलटी, पाणी टिकले का, लघवी किती झाली. बाटलीतले थेंब घेतले असतील तर तेही न घाबरता सांगा. त्यात काय होते कोणाला माहीत नाही, आणि सिस्प्लाटिन चालू असताना मूत्रपिंडावर आणखी भार नको.

खर्चाची भीती हीच बाटलीवाल्यांची खरी ताकद आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत, त्यात कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि लाइट तिन्ही येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचे. फोन 155388. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी : कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाता-येता स्लीपरचे तिकीट माफ असते आणि सोबत्याला 75 टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. ताईंना हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि दोन महिने दोघांचे पूर्ण भाडे भरून झाले होते.

आणि ज्यांच्या घरी अजून काही झालेले नाही त्यांच्यासाठी. भारतात पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक खाण्याची किंवा लावण्याची. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनी 'आम्ही खात नाही, फक्त दात घासतो' असे समजू नये, तीही तंबाखूच. महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन गालाच्या आत, जिभेच्या कडा आणि जिभेखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, किंवा आपलीच तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखतच नाही.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी पतींना घेऊन निघाल्या. चुकलेल्या दिवसांचा हिशेब करून डॉक्टरांनी लाइट पुन्हा सुरू केले आहेत आणि उलटीचे औषध बदलले आहे. बाटल्या विहारातल्या कपाटात ठेवल्या आहेत. तक्रारीच्या अर्जावर आतापर्यंत तीन घरांच्या सह्या झाल्या आहेत. आणखी कोणाकडे अशी बाटली आली असेल तर फेकू नका, येत्या रविवारी वंदनेला येताना घेऊन या.